जाळ्यांचे सांधे आणि सांध्यांचे करार

नाशिकहून सापुताऱ्याच्या रस्त्याने जो गेला असेल त्याने एक गोष्ट पाहिली असेल. आमच्या सुरगाणा तालुक्यातले बोरगाव मागे पडले, हातगड ओलांडले, की महाराष्ट्र संपतो आणि डांग लागतो. रस्ता मात्र तोच राहतो. त्या एकाच डांबरी रस्त्यावर महाराष्ट्राच्या एस. टी.ची गाडी धावते आणि गुजरातच्या एस. टी.चीही धावते. १ मे १९६० च्या आधी हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण राज्य एकच होते. दोन राज्ये झाली, दोन महामंडळे झाली, आणि कोणी कोणाच्या हद्दीत किती गाड्या न्यायच्या, किती फेऱ्या करायच्या, किती किलोमीटर धावायचे, हे परस्पर करारात लिहून घेण्याची वेळ आली. भिंतीवर टांगलेल्या रस्त्यांच्या नकाशात यातले काहीच दिसत नाही. रस्ता आहे म्हणून गाडी आहे, असा अर्थ त्या नकाशावरून जो काढील तो फाट्यावर उभा राहील.

संगणकांच्या जाळ्यांची गोष्ट नेमकी अशीच आहे. इंटरनेट हे एक जाळे आहे अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः ते जाळ्यांचे जाळे आहे. आजमितीस जगात ७०,००० हून अधिक स्वतंत्र जाळी आहेत. कोणते टेलिफोन कंपनीचे, कोणते विद्यापीठाचे, कोणते बँकेचे, तर कोणते सरकारी खात्याचे. प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो. आरंभी हे क्रमांक ६५,५३६ एवढेच होऊ शकत होते. ते पुरणार नाहीत हे दिसल्यावर २००७ साली क्रमांकाची लांबी वाढवावी लागली. प्रत्येक जाळे आपल्या घरात मुखत्यार असते. सर्वांवर हुकूम चालवील अशी कचेरी कोठेही नाही. तरीही सुरगाण्याच्या पोराने मोबाइलवर बोट ठेवले की निरोप पाच-सहा परक्या जाळ्यांतून वाट काढीत पोहोचतो. परके लोक त्याला वाट का देतात? करार असतो म्हणून.

आम्ही अभियंते नव्हे. पण करार करणे, ते वाचणे, ते मोडले की दाखवून देणे, यात आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि म्हणून हा विषय हाती येताच आम्ही प्रथम विचारले की हे करार लिहिलेले कोठे आहेत? उत्तर वाचून आम्ही थक्क झालो. २०११ साली पॅकेट क्लिअरिंग हाऊस या संस्थेने जाळ्यांमधील बरोबरीच्या नात्याचे १,४२,२१० करार तपासले. त्यांपैकी कागदावर लिहिलेले होते ६९८. उरलेले शेकडा साडेनव्व्याण्णव करार केवळ हातात हात देऊन झालेले! आमच्या धंद्यात तोंडी करारावर विसंबणारा पुढारी एका दिवाळीपलीकडे टिकत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समझोता ठराविक नमुन्यावर लिहून त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्या लागत, आणि सहीवाचून झालेला समझोता आम्ही समझोता मानीत नव्हतो. येथे तर जगाचा व्यवहार तोंडी शब्दावर चालला आहे, आणि बहुतेक वेळ नीट चालला आहे, हेही कबूल केले पाहिजे.

'बहुतेक वेळ' या शब्दांतच सारे आले. काही काळापूर्वी तालुक्यातल्या एका गावी आम्ही मजुरांची नावे एका सरकारी संकेतस्थळावर नोंदवीत होतो. दोन कंपन्यांचे दोन मोबाइल. रेंज दोन्हींवर भरपूर. एकावर संकेतस्थळ उघडे, दुसऱ्यावर उघडेना. तासाभराने पहिल्यावरही उघडेना. एका कंपनीला फोन केला, ती म्हणाली आमचे जाळे ठीक आहे. दुसरी म्हणाली आमचेही ठीक आहे. कचेरीतून सांगितले की आमचा संगणक चालू आहे. कदाचित तिघेही खरे बोलत असतील. मजुरांचा दिवस मात्र बुडाला. ठेकेदारीच्या कामगाराला हा अनुभव नवा नाही. मुख्य मालक म्हणतो ठेकेदाराकडे जा, ठेकेदार म्हणतो मुख्य मालकाकडे जा. दोष कोणाच्याच घरात नसतो, तो दोन घरांच्या मधल्या सांध्यात असतो. (सुरगाण्यात रेंजच नसते, याचे कारण मात्र करार नव्हेत; तेथे टॉवर नाही किंवा टॉवरला वीज नाही. त्या भांडणाची जागा वेगळी.)

तेव्हा प्रश्न असा की जाळ्यांच्या सांध्यांचा नकाशा, म्हणजे विद्वानांच्या भाषेत प्रतिकृती, करायची तर तीत काय काय यावे लागेल?

थोडा इतिहास पाहिला तर गरज कशी निर्माण झाली ते कळते. १९८६ पासून अमेरिकेत एनएसएफनेट नावाचे जाळे सरकारी पैशाने संशोधनासाठी चालू होते. त्यावरून व्यापारी वाहतूक न्यायची नाही असा नियम होता. म्हणजे तार जोडलेली, जिवंत, मोकळी. पण अमुक निरोपाला ती खुली आणि तमुक निरोपाला बंद. तारांचा नकाशा पाहून हे कळणे शक्य नव्हते. १९८४ ची जुनी पद्धत सारी जाळी एका झाडाच्या फांद्यांप्रमाणे आहेत असे धरून चालत असे. परंतु खरी जाळी आडवीतिडवी जुळू लागली होती. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासातील ऑस्टिन येथे एका परिषदेच्या वेळी सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवता जेवता कागदी रुमालांवर नवी पद्धत आखली. तीच बीजीपी. प्रत्येक जाळे शेजाऱ्याला दवंडी देते की 'अमुक पत्ते माझ्यामार्फत मिळतील, आणि वाटेत ही ही जाळी लागतील'. शेजारी ती ऐकतो, आपल्या धोरणाप्रमाणे स्वीकारतो किंवा टाकतो, आणि पुढे कोणाला सांगायची तेही स्वतःच ठरवतो. रुमालावरची ती तात्पुरती योजना सुधारत सुधारत आजही जगाचा गाडा ओढते आहे. एप्रिल १९९५ मध्ये एनएसएफनेटचा कणा बंद झाला आणि वाहतूक खाजगी कंपन्यांच्या हाती गेली; त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. म्हणजे आपण या बाजारात आलो तेच मुळी करारांच्या युगात.

आता नकाशाकडे वळू. त्यात ठिपका कशाचा काढायचा, हाच पहिला प्रश्न. यंत्राचा नव्हे, तर निर्णय घेणाऱ्या संस्थेचा. पण तेवढ्याने भागत नाही. दोन कंपन्यांची गाठ मुंबईत पडते, चेन्नईत पडते, कदाचित सिंगापुरातही पडते, आणि तिन्ही गाठींच्या अटी निराळ्या असू शकतात. एकच रेघ ओढून 'जोडलेले' असे लिहिणे म्हणजे गिरणीतल्या साऱ्या खात्यांना एकच पगारपत्रक लावणे.

रेघ ओढली की तीवर नाते लिहायचे. मुख्य नाती दोन. एक गिऱ्हाइकाचे आणि पुरवठादाराचे. लहान जाळे मोठ्याला पैसे देते आणि मोठे त्याला साऱ्या जगाची वाट देते. दुसरे बरोबरीचे. दोन तुल्यबळ जाळी आपापल्या गिऱ्हाइकांची वाहतूक एकमेकांना फुकट पोहोचवतात. यातून एक साधा नियम निघतो. गिऱ्हाइकाकडून कळलेली वाट सर्वांना सांगावी, कारण तिच्यावर जितकी वाहतूक तितके पैसे. बरोबरीच्याकडून किंवा पुरवठादाराकडून कळलेली वाट मात्र फक्त आपल्या गिऱ्हाइकांना सांगावी. दुसऱ्या बरोबरीच्याला सांगितली तर दोघांचे ओझे आपण फुकट वाहू. युनियनवाल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. शेजारची युनियन संपात आमच्या पाठीशी उभी राहिली, म्हणून तिचा संपनिधी आम्ही तिसऱ्याला कबूल करू शकत नाही.

हा नियम चुकून मोडला तर काय होते? समजा लहान जाळ्याने दोन पुरवठादार धरले आणि एकाकडून ऐकलेल्या वाटा दुसऱ्याला सांगून टाकल्या. दुसऱ्याला वाटते, हा आपला गिऱ्हाईक, याच्यामार्फत जावे. पाहता पाहता महामार्गाची वाहतूक शेताच्या बांधावरून धावू लागते आणि बांध फुटतो. दवंडी कधी कधी सरळसरळ चुकीचीच असते. १६ एप्रिल २०२१ रोजी आपल्या देशात व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून ३०,००० हून अधिक परक्या पत्त्यांच्या वाटा अशा चुकीने जाहीर झाल्या होत्या.

नात्यानंतर आवड. एकाच ठिकाणच्या दोन वाटा असतील तर जाळे जवळची निवडत नाही, परवडणारी निवडते. आधी गिऱ्हाइकामार्फतची, मग बरोबरीच्याची, आणि अगदीच इलाज नसेल तर पैसे देऊन पुरवठादाराची. म्हणूनच एके काळी मुंबईच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने मुंबईतल्याच दुसऱ्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला पाठविलेला निरोप समुद्र ओलांडून परदेशी जाई आणि परत येई. ही फेरी थांबवावी म्हणून जून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिने केंद्रे उघडली, कंपन्यांनी तेथे येऊन देशातली वाहतूक देशात बदलावी असा हेतू. मौज अशी की नुसते केंद्र उघडून भागणार नाही हे तिच्या धोरणकर्त्यांनी ओळखले होते. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपल्या त्या विभागातील सर्व वाटा केंद्राला कळविल्याच पाहिजेत, आणि इतर साऱ्यांना त्या मिळाल्याच पाहिजेत, अशी सक्तीची बहुपक्षी अट त्यांनी घातली. पैशाचा हिशेब माल मागवणाऱ्याकडे लावला. आम्हांला हे वाचून एका धंद्यातल्या सर्व मालकांशी एकत्र केलेल्या कराराची आठवण झाली. अशा अटी जिच्यात लिहिता येत नाहीत ती प्रतिकृती मुंबईचे केंद्र एक ठिपका म्हणून दाखवील, आणि तेथे काय चालते ते अंधारात राहील.

यापुढची गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येकाचे धोरण वेगवेगळे तपासले तर शहाणपणाचे, आणि एकत्र आणले तर गोंधळ, असे होऊ शकते. कल्पना करा की सुरगाणा, पेठ आणि दिंडोरी या तीन तालुक्यांची तीन जाळी आहेत. प्रत्येकाची नाशिकला स्वतःची तार आहे आणि तिघे एकमेकांशीही जुळलेले आहेत. सुरगाण्याचे धोरण असे की पेठ थेट नाशिकला जात असेल तर पेठमार्फत जावे, नाहीतर आपल्या तारेने. पेठचे दिंडोरीविषयी तेच, आणि दिंडोरीचे सुरगाण्याविषयी तेच. दोनदा गाडी बदलणे मात्र कोणालाच मान्य नाही. तिन्ही धोरणांत काही वावगे दिसते का? आता चालवून पाहू. दिंडोरी थेट जात आहे, म्हणून पेठ दिंडोरीमार्फत जाऊ लागले. पेठ थेट राहिले नाही, म्हणून सुरगाणा आपल्या तारेने गेले. सुरगाणा थेट झाल्याचे पाहून दिंडोरी सुरगाण्यामार्फत गेली. त्यासरशी पेठची वाट दोनदा गाडी बदलण्याची झाली, ते आपल्या तारेवर आले. पेठ थेट झाले, सुरगाणा त्याच्याकडे वळले. दिंडोरीची वाट लांबली, ती पुन्हा थेट झाली. आणि आपण सुरुवात केली तेथेच परत आलो! हे चक्र कधीच थांबत नाही. तारा शाबूत, यंत्रे शाबूत, प्रत्येक जण आपल्या नियमाला पक्का, आणि निरोप मात्र इकडून तिकडे ढकलले जात आहेत.

अमेरिकेतील ग्रिफिन आणि विल्फाँग यांनी १९९९ च्या सुमारास अशी कोडी मांडून दाखविली. २००१ साली लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफोर्ड या दोन विदुषींनी त्यावर दिलासा दिला. प्रत्येक जाळे गिऱ्हाइकाच्या वाटेला प्राधान्य देईल, वर सांगितलेला दवंडीचा नियम पाळील, आणि कोणी फिरून फिरून आपल्याच पुरवठादाराचा पुरवठादार होणार नाही, तर सारे व्यवहार आपोआप स्थिरावतात. वरून कोणी हुकूम देण्याची गरज पडत नाही. म्हणजे बाजारातल्या स्वार्थातच स्थैर्याचे कारण दडले आहे. स्वार्थाची एवढी स्तुती आम्ही सहसा करीत नाही, पण गणित गणित आहे. परंतु या अटी खरोखर पाळल्या जातात की नाही हे पाहायचे, तर नकाशाचा उपयोग केवळ चित्र म्हणून होऊन चालणार नाही. धोरण अमलात आणण्यापूर्वी ते कागदावर चालवून पाहता आले पाहिजे, जसे आम्ही तीन तालुके चालवून पाहिले.

चौथी बाब मालकीची. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरती यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी दवंडी दिली. ती चुकून त्यांच्या हाँगकाँगच्या पुरवठादाराकडे, पीसीसीडब्ल्यूकडे, गेली आणि तेथून जगभर पसरली. यूट्यूबची दवंडी १,०२४ पत्त्यांच्या गठ्ठ्याची होती, पाकिस्तानची त्यांतल्याच २५६ पत्त्यांची. पोस्टमन 'तालुका सुरगाणा' एवढ्यावर न थांबता 'मुक्काम बोरगाव' पाहतो, तशी यंत्रेही अधिक नेमका पत्ता मानतात. दोन तास जगाच्या मोठ्या भागातील यूट्यूबची वाहतूक पाकिस्तानात जाऊन नाहीशी होत होती. यूट्यूबने अखेर तितक्याच, आणि मग त्याहून लहान गठ्ठ्यांची दवंडी देऊन आपले घर परत मिळविले. हाँगकाँगच्या कंपनीने 'हे पत्ते या गिऱ्हाइकाचे आहेत का' एवढे विचारले असते तर हे घडले नसते. कोणता पत्ता कोणाचा, याचा सातबारा नकाशाला जोडलेला हवा. २०११ पासून सही-शिक्क्याचे असे दाखले देण्याची पद्धत आहे आणि ती पसरते आहे. पण सातबारा मालक सांगतो, वहिवाट सांगत नाही. मालकाच्या पत्त्याकडे कोणी कोणत्या नात्याने न्यावे, हे त्यात नसते.

मग ही सारी धोरणे लिहिण्याची भाषा नाही काय? आहे. युरोपातल्या लोकांनी १९९४ साली एक तयार केली, आणि तिच्यावरून १९९८ साली आरपीएसएल नावाची अधिक सुधारलेली भाषा आली. कोणाकडून कोणत्या वाटा घेतो, त्यांना किती पसंती देतो, आणि कोणाला कोणत्या सांगतो, हे तीत प्रत्येक जाळ्याने जाहीर नोंदवहीत लिहायचे. भाषा चांगली आहे. रोग नोंदवहीला आहे. कित्येक जाळी लिहीतच नाहीत. कित्येकांनी एकदा लिहिले ते लिहिले. युनियनच्या सभासद-यादीत निवृत्त झालेल्यांची, क्वचित दिवंगतांचीही नावे वर्षानुवर्षे राहतात, तशातली गत. आणि एका बाजूने लिहिलेले दुसऱ्या बाजूशी जुळते का, हे पाहणारा कोणी नाही. तेव्हा नोंदीला तारीख हवी, मुदत हवी, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंचे म्हणणे शेजारी शेजारी हवे.

न लिहिण्याचे दुसरे कारण व्यापारी गुपित. गुपिताच्या आड काय आहे, हे बाहेरून ओळखण्याची युक्ती याच गाओबाईंनी २००१ मध्ये दाखविली. सर्व जण नियम पाळत असतील तर प्रत्येक वाट घाटासारखी असते. आधी चढण, गिऱ्हाइकाकडून पुरवठादाराकडे, मग फार तर एक पठार, बरोबरीच्याकडे, मग उतार. एकदा उतरल्यावर पुन्हा चढण नाही. लाखो वाटा गोळा करून त्यांचे माथे शोधले की कोण कोणाचा पुरवठादार ते बरेचसे कळते. बरेचसे, सर्व नव्हे. बरोबरीची नाती फक्त दोघांच्या गिऱ्हाइकांनाच दिसत असल्याने बाहेरच्याच्या नजरेतून निसटतात. २०१२ साली युरोपातील एका मोठ्या विनिमयकेंद्राचा आतून अभ्यास झाला, तेव्हा त्या एकाच केंद्रात बरोबरीची ५०,००० हून अधिक नाती सापडली. दोन वर्षांपूर्वी साऱ्या जगात मिळून तेवढी ठाऊक नव्हती! तेव्हा नकाशात पाहिलेले कोणते, अंदाजाने धरलेले कोणते, आणि दोन्ही पक्षांनी कबूल केलेले कोणते, हे वेगवेगळ्या शाईने लिहावे लागेल. दरपत्रक गुप्त ठेवण्यास आमची हरकत नाही. कामगारांच्या करारातही मालक काही आकडे झाकतो. परंतु नाते झाकण्याचे कारण आम्हांला पटत नाही. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुराची हजेरीसुद्धा मोबाइलमधून घेणे बंधनकारक झाले होते. ज्याची मजुरी या सांध्यांतून जाते त्याला सांध्यावर कोण उभा आहे हे विचारता आले पाहिजे.

एक सुधारणा अलीकडे झाली आहे, ती आमच्या मनाजोगती आहे. मे २०२२ मध्ये बीजीपीला नवे कलम जोडण्यात आले. दोन जाळ्यांची यंत्रे बोलणे सुरू करतानाच एकमेकांना आपले नाते सांगतात, की मी पुरवठादार, तू गिऱ्हाईक. किंवा आपण बरोबरीचे. एक म्हणतो मी पुरवठादार आणि दुसराही तेच म्हणतो, असे झाले तर जोडणीच होत नाही. शिवाय बरोबरीच्याकडून आलेल्या दवंडीवर एक खूण बसते, आणि ती चुकून वर चढू लागली की पुढचे जाळे तिला अडवू शकते. किंमत त्यात नाही, आवडीनिवडी नाहीत; पण निदान नात्यावर दोन्ही पक्षांचा अंगठा उठतो. ते वापरण्याची सक्ती मात्र कोणावर नाही.

आमच्या कार्यालयातल्या मुलांनी एक वही घातली आहे. संकेतस्थळ उघडले नाही की तारीख, वेळ, कोणत्या कंपनीचा फोन, आणि निरोप वाटेतल्या कोणत्या टप्प्यापर्यंत पोहोचला, हे ते लिहितात. टप्पे दाखविणारी आज्ञा संगणकात असते, ती शिकायला अर्धा तास पुरतो. पहिल्या दोन टप्प्यांची नावे ओळखीची निघतात. तिसऱ्यानंतर बहुधा परके नाव येते, आणि त्याच्यापुढे 'यांचा आमच्या कंपनीशी करार कसला?' असा एक रकाना आहे. दोन पाने भरली आहेत, त्या रकान्यात अजून काही लिहिता आलेले नाही.